मीठ, युरिया, अल्कोहोल आणि मायसेल: ॲडिटिव्हचा परिणाम मोजायचा कसा, वाचायचा कसा

'ॲडिटिव्हचा सीएमसीवर होणारा परिणाम' हा विषय एमएस्सीच्या प्रोजेक्टला दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. ॲडिटिव्ह म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या द्रावणात वरून घातलेला पदार्थ, आणि सीएमसी म्हणजे ज्या संहतीला साबणाचे रेणू समूह करू लागतात ती. रसायनं स्वस्त, उपकरण कॉलेजात असतंच, आलेखही सरळ निघतो. दोन रेषा काढायच्या, त्यांचा छेद शोधायचा, 'मिठाने सीएमसी कमी झाली, युरियाने वाढली' असं लिहायचं की फाइल पूर्ण. पण एवढ्यावर थांबलं तर विषयातला सगळा रस बाहेरच राहतो. सीएमसी किती बदलली हा प्रश्न दुसरा. घातलेला पदार्थ द्रावणात राहतो कुठे, हा पहिला. त्याचं उत्तर मिळालं की परिणामाची दिशा कळते, तो कोणत्या पद्धतीने मोजायचा ते ठरतं आणि आकड्यावर किती विश्वास ठेवायचा तेही समजतं. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. मुख्य उदाहरण सोडियम डोडेसिल सल्फेटचं, म्हणजे एसडीएसचं. त्याच्याबद्दलची माहिती सर्वात भरवशाची आहे आणि ते सहज मिळतं.

आधी मायसेल समजून घ्या

एसडीएसच्या रेणूला बारा कार्बनची साखळी असते आणि टोकाला ऋणभारित सल्फेट गट. साखळी पाण्याला टाळते, सल्फेट पाण्यात रमतो. द्रावण अगदी विरळ असताना रेणू सुटेसुटे असतात आणि पृष्ठभागावर गोळा होतात. संहती वाढवत नेली की एका अरुंद पट्ट्यात ते एकत्र येऊ लागतात: साखळ्या आत, सल्फेट बाहेर. हा समूह म्हणजे मायसेल, आणि ज्या संहतीला तो बनू लागतो ती क्रांतिक मायसेल संहती, म्हणजे सीएमसी. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला एसडीएसची सीएमसी ८.१ ते ८.२ मिलिमोलर आहे आणि एका मायसेलमध्ये साठच्या आसपास रेणू असतात.

हे समूह असतात हे आधी कुणाला पटत नव्हतं. साबणाच्या द्रावणातून वीज चांगली वाहते, पण परासरण दाबासारख्या गुणधर्मांवरून पाहिलं तर त्यात कण फारच थोडे आहेत असं दिसतं. या विसंगतीवरून जेम्स विल्यम मॅकबेन यांनी १९१३ साली, ब्रिस्टलमध्ये असताना, भारित समूहांची कल्पना मांडली. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, आपल्या एनसीएलचे, पहिले संचालक झाले. ३ जानेवारी १९५० रोजी तिचं उद्घाटन झालं. पाषाणला, म्हणजे एनसीएलला, जाणाऱ्या रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

पदार्थ राहतो कुठे?

मायसेल बनण्यात दोन ओढी असतात. साखळ्यांना पाणी नको असतं, म्हणून त्या एकत्र येतात. सारख्या भाराची डोकी मात्र एकमेकांना दूर लोटतात. ॲडिटिव्ह या दोहोंपैकी कशात हात घालतो, ते त्याच्या जागेवर ठरतं.

पाण्यातच राहणारे पदार्थ, जसे युरिया, ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकॉल, मिथेनॉल, पाण्याचा स्वभाव बदलतात. साखळीला पाणी पूर्वीइतकं नकोसं राहत नाही, एकत्र यायची घाई कमी होते आणि सीएमसी वाढते. मायसेलच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात ते विरुद्ध भाराचे आयन, म्हणजे प्रतिआयन. मिठातला सोडियम आयन त्यातलाच. तो डोक्यांमधलं अपसरण झाकतो, म्हणून सीएमसी घसरते. तिसरी जागा डोक्यांच्या ओळीत, साखळ्यांच्या सुरुवातीच्या भागात. ब्युटेनॉल, पेंटेनॉल, हेक्सेनॉल तिथे घुसतात: ओएच गट बाहेर, साखळी आत. भारित डोक्यांमध्ये बिनभाराचं एक डोकं आलं की अपसरण कमी होतं आणि सीएमसी खाली येते. चौथी जागा गाभा. हेक्झेन, टोल्यूइनसारखे तेलकट पदार्थ तिथे विरघळतात. त्यांनी मायसेल फुगतो, पण सीएमसी तुलनेने थोडीच बदलते.

इथेनॉल कुठे बसतं? दोन्हीकडे. म्हणूनच ते शिकण्यासाठी सगळ्यात चांगलं आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

रसायनं: न मागता आलेला ॲडिटिव्ह

प्रयोगाआधी बाटली तपासा. एसडीएसचं दमट हवेत हळूहळू जलविच्छेदन होतं आणि त्यातून डोडेकॅनॉल बनतं. डोडेकॅनॉल म्हणजे बारा कार्बनचं अल्कोहोल, अर्थात डोक्यांच्या ओळीत घुसणारा जबरदस्त पदार्थ. त्याचं प्रमाण अगदी नगण्य असलं तरी सीएमसी खाली येते. पृष्ठताणाच्या आलेखात तर सीएमसीजवळ एक खड्डा पडतो: ताण खाली जातो आणि पुन्हा थोडा वर चढतो. शुद्ध पदार्थात असा खड्डा पडू नये. तो अशुद्धीमुळे पडतो हे माइल्स आणि शेडलोव्स्की यांनी १९४४ साली दाखवलं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली असेल तर ही शंका आधी घ्या. इलाज सोपा आहे. गरम इथेनॉलमध्ये विरघळवून, गार करून स्फटिक काढा, डायइथिल इथरने धुवा आणि निर्वात डेसिकेटरमध्ये वाळवा. इथर हाताळताना आसपास ज्योत किंवा हीटर नको. द्रावण नेहमी त्याच दिवशी बनवा.

युरियाही एआर ग्रेडचाच, म्हणजे प्रयोगशाळेसाठीचा शुद्ध, हवा. शेतीचा युरिया घेऊन काम भागवण्याचा मोह होतो, पण २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या शेती-युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक आहे. म्हणजे तुम्ही युरियाचा परिणाम मोजायला बसाल आणि मोजाल युरिया अधिक तेल. शिवाय युरियाचं द्रावण गरम करू नका आणि साठवून ठेवू नका. त्यात अमोनियम सायनेट तयार होतं, ते आयन वाहकता वाढवतात आणि आलेखाची पायाभूत रेषा वर सरकते. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठही नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात.

पायाभूत मोजमाप: ॲडिटिव्हशिवाय

हे मोजमाप नीट जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. साधं एसडीएस ८ ते ८.३ मिलिमोलरच्या पट्ट्यात आलं नाही, तर तुमचा पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद आहे.

आधी कंडक्टोमीटर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने जुळवून घ्या. २५ अंशाला त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर यायला हवी. जुळवणी झाल्यावर सेल ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. पोटॅशियमचा अंशही एसडीएसमध्ये जाऊ देऊ नका. कारण पुढे येईल.

मग २.८८४ ग्रॅम एसडीएस १०० मिलिलिटरच्या मापनफ्लास्कमध्ये घ्या, म्हणजे ०.१ मोलर द्रावण मिळेल. फ्लास्क खळखळून हलवू नका. फेस मानेपर्यंत चढला की खूण दिसतच नाही. सत्तर-ऐंशी मिलिलिटर पाण्यात फ्लास्क हळूहळू गोल फिरवत विरघळवा, फेस बसू द्या आणि मग खुणेपर्यंत पाणी भरा.

२५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये बीकर ठेवून त्यात ५० मिलिलिटर पाणी घ्या, सेल बुडवा आणि तापमान स्थिर होऊ द्या. ब्युरेटमधून स्टॉक द्रावण ०.५ मिलिलिटरच्या टप्प्यांनी घाला. प्रत्येक वेळी चुंबकीय ढवळणी सावकाश फिरवा, ती थांबवा आणि आकडा स्थिरावला की नोंदवा. सेलच्या प्लेटांवर बुडबुडा अडकला असेल तर आकडा अचानक खाली येतो. तेव्हा सेल हलकेच वर-खाली करा. एकूण १० मिलिलिटर घातलं की पुरे.

प्रत्येक टप्प्याला संहती वेगळी काढायची. ब्युरेटमधून व मिलिलिटर घातल्यावर बीकरमधली संहती मिलिमोलरमध्ये १०० × व ÷ (५० + व) इतकी होते. ४.५ मिलिलिटरला ती ८.२६ येते. वाहकता आणि संहती यांच्या आलेखात रेषेचा उतार जिथे बदलतो तो मोड, आणि तीच सीएमसी. म्हणजे मोड ४.५ मिलिलिटरच्या जवळपास दिसला पाहिजे आणि तिथे वाहकता पाचशे ते सहाशे मायक्रोसीमेन्सच्या दरम्यान असेल. १० मिलिलिटरला संहती १६.७ होते, म्हणजे मोडाच्या दोन्ही बाजूंना पुरेसे बिंदू मिळतात.

तापमानाबद्दल हयगय नको. वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी बदलते. उन्हाळ्यात पंख्याखाली, बाथशिवाय केलेल्या मोजमापात मोड मिळतोही, पण तो किती खरा हे सांगता येत नाही. हिवाळ्यात उलट अडचण येते. विदर्भातल्या थंड सकाळी स्टॉकच्या बाटलीत पांढरे स्फटिक दिसले तर द्रावण बिघडलेलं नाही. ते क्राफ्ट तापमानाच्या, म्हणजे ज्याच्या खाली एसडीएस नीट विरघळत नाही त्या तापमानाच्या, खाली गेलेलं आहे. कोमट करून पूर्ण विरघळवा आणि मगच वापरा. सीटॅबसाठी, म्हणजे सेटिलट्रायमिथाइलअमोनियम ब्रोमाइडसाठी, हे तापमान २५ अंशाच्या आसपासच असल्याने त्याचं सगळं काम ३० अंशाला करणं बरं.

आता ॲडिटिव्ह: एक नियम न चुकता

ॲडिटिव्ह बीकरमध्ये आणि ब्युरेटमध्ये सारख्याच संहतीचा हवा. फक्त बीकरमध्ये मीठ घातलं, तर प्रत्येक टप्प्याला मीठ विरळ होत जातं. मग एकाच आलेखावर प्रत्येक बिंदू वेगळ्या द्रावकातला असतो. म्हणून आधी ॲडिटिव्हचं एक लिटर द्रावण बनवा आणि त्यालाच 'पाणी' समजा. बीकरमध्ये तेच, एसडीएसचा स्टॉकही त्यातच. प्रयोग फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं, आणि ते आलेख पाहून ओळखू येत नाही.

मीठ

सोडियम क्लोराइड ५, १० आणि २० मिलिमोलर असं घ्या. २० मिलिमोलरसाठी लिटरला १.१६९ ग्रॅम लागतं. सीएमसी खाली येणार असल्याने ब्युरेटचे टप्पे लहान करा, ०.२ मिलिलिटरचे. २० मिलिमोलर मिठात सीएमसी ३.८ मिलिमोलरच्या जवळपास येते, म्हणजे मोड दोन मिलिलिटरलाच येतो. अर्ध्या मिलिलिटरचे टप्पे ठेवले तर मोडाआधी जेमतेम चार बिंदू मिळतील.

आकड्यांची प्रत्यक्ष मांडणी करून पाहू. पाण्यात सीएमसी ८.१ मिलिमोलर, ०.०२ मोलर मिठात ३.८, ०.१ मोलर मिठात १.४. कॉरिन आणि हार्किन्स यांनी १९४७ साली दाखवलेलं नातं असं: सीएमसीचा लॉग आणि एकूण प्रतिआयनांच्या संहतीचा लॉग यांचा आलेख सरळ रेषेत येतो. 'एकूण' हा शब्द विसरायचा नाही. सोडियम मिठातूनही येतो आणि एसडीएसमधूनही. म्हणून पाण्यातल्या नोंदीसाठी सोडियम ०.००८१, दुसऱ्यासाठी ०.०२३८ आणि तिसऱ्यासाठी ०.१०१४ मोलर धरायचा.

लॉग घेतले की सोडियमसाठी −२.०९, −१.६२, −०.९९ मिळतात आणि सीएमसीसाठी −२.०९, −२.४२, −२.८५. पहिल्या दोन बिंदूंमधला उतार सुमारे −०.७०, पहिला आणि तिसरा घेतला तर −०.६९. रेषा खरोखरच सरळ आहे. आता ०.०५ मोलर मिठात काय येईल ते प्रयोगाआधीच सांगता येतं. २.२ मिलिमोलर धरून पाहिलं तर सोडियम ०.०५२२ होतो, त्यावरून रेषा पुन्हा २.२ च देते. अंदाज स्वतःशी जुळला. हा आकडा वहीत आधी लिहा आणि मग मोजा. उताराचं मूल्यही नुसतं गणित नव्हे: मायसेलच्या डोक्यांपैकी किती भार प्रतिआयनांनी झाकला गेला आहे, त्याचा तो अंदाज आहे. तो साधारण सत्तर टक्के.

मिठाची पातळी आणखी वाढवली की वाहकतेची पद्धत दमते. ०.१ मोलर मिठाची स्वतःची वाहकता १०.७ मिलिसीमेन्सच्या आसपास असते आणि १.४ मिलिमोलर एसडीएस त्यात ०.१ मिलिसीमेन्सहूनही कमी भर घालतं. शंभरात एक भागही नाही. बाथचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी पार्श्वभूमी तेवढीच हलते. तिथे मोड शोधणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. ०.०२ मोलरच्या वर गेलात की पृष्ठताण मोजा.

आणखी एक, पोटॅशियमचं. 'सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घालून तुलना करू' असं सुचणं साहजिक आहे. पण पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानाला नीट विरघळतच नाही. पांढरा साका बसतो. रेण्वीय जीवशास्त्रात एसडीएस काढून टाकायला हाच गुणधर्म वापरतात. तुलना करायचीच असेल तर लिथियम क्लोराइड घ्या. लिथियम पाण्याचं जाड आवरण बाळगतो, पृष्ठभागाला कमी चिकटतो, म्हणून तो सीएमसी सोडियमपेक्षा थोडी कमी उतरवतो. कॅल्शियमचंही पोटॅशियमसारखंच. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात एसडीएस गढूळ होतं ते त्यामुळेच.

सीटॅबसारख्या धनभारित सर्फॅक्टंटला (एसडीएससारख्याच, मायसेल बनवणाऱ्या पदार्थाला) प्रतिआयन ऋण असतो. तिथे क्लोराइडपेक्षा ब्रोमाइड जास्त परिणाम करतो आणि सोडियम सॅलिसिलेट तर कमालच करतं. सॅलिसिलेटचं वलय डोक्यांच्या ओळीत शिरतं, भारही झाकतं आणि जागाही भरतं. गोल मायसेल लांबच लांब धाग्यांसारखे होतात आणि पाण्यासारखं पातळ द्रावण चिकट, लवचीक होतं. बीकर गोल फिरवून एकदम थांबवा: आत अडकलेले बुडबुडे जरा मागे सरकून मग थांबतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना हे डोळ्यांनी दाखवायलाच हवं.

युरिया

मिठाला मिलिमोलर पुरतात, युरियाला मोलर लागतात. हाच फरक सांगतो की युरिया मायसेलला चिकटून काम करत नाही, तो सगळ्या पाण्यात पसरून करतो. २ आणि ४ मोलर घ्या. ४ मोलरसाठी १०० मिलिलिटरला २४ ग्रॅम लागतो. विरघळताना तो उष्णता शोषतो आणि फ्लास्क हाताला गार लागतो. गार द्रावणात खुणेपर्यंत पाणी भरलं तर नंतर ते प्रसरण पावून खुणेच्या वर जातं. २५ अंशाला परत येईपर्यंत थांबा.

आलेखात दोन गोष्टी दिसतील. मोड उजवीकडे सरकेल आणि तो बोथट होईल. सरकण्याचं कारण फार वर्षं 'युरिया पाण्याची रचना मोडतो' असं दिलं जाई. पुढच्या अभ्यासांचा आणि संगणकीय अनुकरणांचा कल वेगळा आहे: युरियाचे रेणू साखळीच्या आणि डोक्याच्या आसपास थेट जागा घेतात, त्यामुळे साखळीला सुटं राहणं परवडतं. व्हायव्हामध्ये पहिलं उत्तर पाठ म्हणण्याऐवजी दोन्ही मतं सांगा.

अल्कोहोलांची मालिका

मिथेनॉल, इथेनॉल, १-प्रोपेनॉल, १-ब्युटेनॉल, १-पेंटेनॉल. ही पाच एकाच मोलर संहतीला, म्हणजे ०.१ मोलरला, घेऊन केलेला प्रोजेक्ट वेगवेगळ्या दहा पदार्थांच्या प्रोजेक्टपेक्षा जास्त शिकवतो. ब्युटेनॉलसाठी लिटरला ७.४१ ग्रॅम लागतं, म्हणजे सव्वानऊ मिलिलिटरच्या आतच. ते वजनाने घ्या, आकारमानाने नको. साखळी लांबते तसं अल्कोहोल पाण्यातून मायसेलकडे सरकतं आणि सीएमसी अधिकाधिक खाली जाते. प्रत्येक कार्बनमागे काय बदललं ते पाहता येतं.

इथेनॉलवर मात्र जास्त वेळ द्या. ५, १०, २०, ३० टक्के असे चार टप्पे घ्या. कमी प्रमाणात ते थोडं डोक्यांच्या ओळीत शिरतं आणि सीएमसी किंचित उतरते. प्रमाण वाढलं की पाण्यावरचा परिणाम वरचढ होतो आणि सीएमसी चढू लागते. मोड पसरट होत जातो आणि पुढे तो सापडेनासा होतो, कारण मायसेल बनतच नाहीत. आलेखात मोड नसणं हे अपयश नव्हे. तो निष्कर्ष आहे आणि तसाच लिहायचा. तिथे पट्टी टेकवून दोन रेषा ओढू नका. इथेनॉल बाष्पशील असल्याने बीकरवर छिद्रं पाडलेलं झाकण ठेवा.

मोड बोथट असेल तर

दोन सरळ रेषांचा छेद ही पद्धत टोकदार मोडासाठी आहे. कोणते बिंदू कोणत्या रेषेत घ्यायचे हे आपण ठरवतो, आणि बोथट मोडात त्या निवडीवर सीएमसी दहा टक्क्यांनीही हलू शकते. अशा वेळी सगळे बिंदू एकाच सूत्रात बसवा. उतार एका किमतीवरून दुसरीकडे सावकाश जातो असं धरून त्याचं संकलन केलेलं सूत्र कार्पेना आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलं आहे, ते पायथनमध्ये सहज बसवता येतं. त्यात मोडाची रुंदीही मिळते, आणि ॲडिटिव्हच्या अभ्यासात ती रुंदी सीएमसीइतकीच बोलकी असते.

दोन उतारांचं गुणोत्तर, नंतरचा भागिले आधीचा, म्हणजे मायसेलचा आयनीभवनांश. शुद्ध एसडीएससाठी ०.३५ ते ०.४ च्या दरम्यान येतो. तो ०.३७ धरला तर मायसेल बनण्याची मुक्त ऊर्जा (२ − ०.३७) × आरटी (वायू स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान) × लॉगएन, म्हणजे नैसर्गिक लॉग (मोल अंशातली सीएमसी), म्हणजे मोलला साधारण −३६ किलोज्यूल होते. ४ मोलर युरियात किंवा ३० टक्के इथेनॉलमध्ये मोल अंश काढताना मात्र लिटरमागे ५५.४ मोल पाणी धरू नका. पाणी तेवढं उरलेलंच नसतं.

वाहकता चालत नाही तेव्हा

पृष्ठताणासाठी स्टॅलॅग्मोमीटर, म्हणजे थेंब मोजायची काचेची नळी, पुरतो. थेंब अगदी सावकाश पडले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक थेंबाच्या पृष्ठभागावर रेणूंना यायला वेळ मिळतो. घाईत पडणारे थेंब ताण खोटा वाढवून दाखवतात. शुद्ध पाण्याचा ताण २५ अंशाला ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, सीएमसीच्या वर शुद्ध एसडीएसचा ३८ ते ४० च्या दरम्यान. बिनभाराच्या ट्रायटन एक्स-१०० साठी तर ही पद्धत आवश्यकच आहे. त्याची सीएमसी ०.२ मिलिमोलरच्या आसपास आहे आणि मिठाने ती थोडीच हलते, कारण झाकायला भारच नाही. त्याच्याबाबत मिठाचा खरा परिणाम क्लाउड पॉइंटवर, म्हणजे तापवताना द्रावण ज्या तापमानाला गढुळतं त्यावर, पाहा: ६५ अंशाच्या आसपास गढुळणारं द्रावण मिठाने त्याआधीच गढुळतं.

फ्लुओरिमीटर असेल तर पायरीन हा चमकणारा सूचक पदार्थ वापरा, एक मायक्रोमोलर किंवा त्याहून कमी. ३७३ आणि ३८४ नॅनोमीटरच्या शिखरांचं गुणोत्तर पाण्यात १.८ च्या जवळ असतं आणि एसडीएसच्या मायसेलमध्ये १.२ च्या खाली येतं. अल्कोहोल असताना जपून, कारण पायरीनच्या आसपासचं पाणीच बदललेलं असतं. रंगद्रव्याच्या पद्धती मला फारशा पसंत नाहीत. विरुद्ध भाराचं रंगद्रव्य सर्फॅक्टंटशी आधीच जोडी जमवतं, म्हणजे मोजणारा पदार्थच ॲडिटिव्ह होऊन बसतो.

पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन) किंवा पॉलिइथिलीन ऑक्साइडसारखा पॉलिमर घातलात तर आलेखात एकाऐवजी दोन मोड येतील. पहिल्या मोडाला एसडीएसचे समूह पॉलिमरच्या साखळीवर बसू लागतात. हे सीएमसीच्या खालीच होतं. दुसऱ्या मोडाला साखळी भरते आणि मोकळे मायसेल बनू लागतात. पहिल्यालाच सीएमसी म्हणून टाकू नका.

हेच ज्ञान लिक्विड सोपच्या टाकीत

बचत गट आणि छोटे उत्पादक एसएलईएस (सोडियम लॉरिल इथर सल्फेट) पेस्ट, सीएपीबी (कोकोअमिडोप्रोपिल बीटेन) आणि मीठ वापरून हँडवॉश बनवतात. मीठ घातलं की द्रावण घट्ट होतं, हे सगळ्यांना ठाऊक. अजून घातलं की ते पुन्हा पातळ होतं, आणि तेव्हा धावपळ उडते. कारण वर आलेलंच आहे. मिठाने डोकी जवळ येतात, गोल मायसेल लांबतात, एकमेकांत गुंततात, घट्टपणा वाढतो. त्याच्याही पुढे गेलं की धाग्यांना फाटे फुटतात, त्या जाळ्यातून द्रव सहज सरकू लागतो आणि घट्टपणा उतरतो. पातळ झालेल्या मालात आणखी मीठ घालणं म्हणजे चुकीच्या दिशेने जाणं. त्यात मीठ नसलेला ताजा माल मिसळा.

मोठ्या टाकीआधी १०० ग्रॅमचे नमुने करा. सुगंध आधी घाला, मीठ शेवटी. सुगंधी तेलं मायसेलमध्ये शिरून घट्टपणा बदलतात आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल तो सरळ उतरवतं. म्हणून बिनवासाच्या नमुन्यावर ठरवलेलं मीठ वासाच्या मालाला लागू पडत नाही. मिठाचं २० टक्के द्रावण करून प्रत्येक नमुन्यात अर्ध्या टक्क्याच्या टप्प्याने मीठ वाढवा, बुडबुडे बसू द्या आणि सगळे नमुने एकाच तापमानाला मोजा. व्हिस्कोमीटर नसेल तर तळाला भोक असलेला एकच कप ठेवा आणि तो रिकामा व्हायला लागणारे सेकंद मोजा. आलेख चढून उतरेल. माल शिखरावर ठेवू नका. चढत्या बाजूला, शिखराच्या जरा अलीकडे थांबा, म्हणजे पाण्यातला किंवा कच्च्या मालातला थोडा फरक सहन होतो. पाणी डीएम (क्षार काढलेलं) किंवा सॉफ्टनरचंच वापरा. निवडलेला नमुना एक दिवस फ्रिजमध्ये आणि एक दिवस ४० अंशाला ठेवून पुन्हा मोजा. आणि मिठाची टक्केवारी लिहिताना सीएपीबीसोबत आलेलं मीठही धरा, बाजारातल्या ३० टक्के सीएपीबीमध्ये ते साधारण पाच टक्के असतं.